तीन वयांची बाई

कुणी माझं वय विचारलं की मी आधी त्यालाच विचारते, "कशासाठी हवंय?" नातवंडांना याची गंमत वाटते. त्यांचे जन्माचे दाखले शिक्क्यानिशी कपाटात ठेवलेले आहेत, कोण किती वाजता जन्मलं तेसुद्धा घरात सगळ्यांना पाठ. आमच्या वेळी माणूस जन्माला एकदाच यायचं, पण वय कामापुरतं वेगवेगळं असायचं. माझी तीन होती. एक शाळेच्या दाखल्यातलं. गुरुजींनी नाव घालताना माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून ते ठरवलं आणि जन्मतारीख एक जून लिहिली, कारण वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. दुसरं लग्नाच्या बैठकीत सांगितलेलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पलटणीत हवालदार होते आणि लढाईच्या सगळ्या काळात परमुलखात होते. घरात कर्ता पुरुष नसताना मुलीचं लग्न कोण जमवणार? ते परत आले तेव्हा कोरेगावकडच्या आमच्या गावात माझ्याएवढ्या मुलींच्या कडेवर पोरं होती. आबांनी बैठकीत खाकरून सांगितलं, "सोळा सरून सतरावं लागलंय." मी आतल्या खोलीत पोह्यांच्या ताटल्या पुसत होते. माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. आणि तिसरं वय आईचं. "तुझ्या आबाची सुट्टी सपली, त्ये पलटणीला गेलं, त्याच्या सातव्या म्हैन्यात तू झालीस. संक्रांतीच्या आदी. दारात पावट्याच्या शेंगांचा ढीग पडला हुता." या हिशेबानं बैठकीच्या दिवशी मला अठरा पुरी झाली होती. मुलगा, म्हणजे आमचे हे, अक्षय्य तृतीयेचे. म्हणजे नवरीच नवऱ्यापेक्षा चार-पाच महिन्यांनी थोरली. पण हा हिशेब फक्त आईला आणि मला येत होता, आणि आम्ही दोघींनी तो गिळला.

सासर सांगलीकडचं, माधवनगरपासून कोसभर. काळी जमीन, ऊस आणि हळद. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की घर उठायचं. हे गिरणीत मागावर होते, सायकलीवरून जायचे. भोंगा व्हायच्या आत माझ्या चार भाकरी झालेल्या असाव्यात अशी सासूबाईंची शिस्त. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. मामंजी बोलायला मोठे, तोंडावर बोलणारे, पण पोटात काही ठेवायचे नाहीत. हुलग्याचं माडगं भुरके मारत प्यायचे, तो आवाज ओसरीवरून परड्यापर्यंत यायचा. मी मराठी सातवी पास होते याचा त्यांना भारी अभिमान होता. कुणाचंही पत्र आलं की मला हाक मारून चारचौघांत वाचायला लावायचे आणि मी वाचत असताना लोकांच्या तोंडांकडे बघत बसायचे.

मतदारांची यादी करायचा हुकूम आला तो दिवाळीनंतर. देश आपला झाला, आता राज्य कुणी करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, त्यासाठी गावातल्या एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाप्याचं आणि बाईचं नाव लिहायचं, असं तलाठीअण्णांनी चावडीवर सांगितलं. बापे लिहून झाले. बायकांपाशी अण्णांचं घोडं अडलं. ते गल्लीतून हाक मारायचे, आतून दार लागायचं. एखादी बोललीच तर म्हणायची, "लिवा की, पांडूची आई." आता पांडूची आई म्हणून मत कसं द्यायचं? गावात पांडूच सात. शेवटी अण्णा आमच्या ओसरीवर आले आणि मामंजींना म्हणाले, "तुमची सून लिवतीया म्हंत्यात. बायकांची यादी तिच्याकडनं करून घ्यावी म्हंतो." मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "लिवतीया म्हंजे? मोत्यासारकं अक्षर हाय आमच्या पोरीचं. न्या की."

अशी मी दुपारची, भांडी झाल्यावर, दऊत-टाक आणि लांबड्या कागदांची वही घेऊन घरोघर जायला लागले. मला वाटलं होतं चार दिवसांचं काम. पहिल्याच दिवशी डोकं फिरायची वेळ आली. मत म्हणजे काय हे मलाच धड ठाऊक नव्हतं, आणि बायका मला विचारायच्या, "मत दिल्यावर माघारी मिळतंय का?" "न दिलं तर रेशनची साखर बंद हुती का?" एक म्हातारी तिच्या नातवांना पलटणीत ओढून नेतील या भीतीनं मला दोन नातू सांगेना. मी म्हणायची, नातवांचं नकोच आहे, तुमचं सांगा. त्यावर ती आणखीच घाबरली, "मला कुटं न्हेत्यात ह्या वयात?" मी अण्णांना विचारलं की नेमकं सांगायचं तरी काय. ते म्हणाले, "सांग, सरकार कोन असावं ते तुमाला इचारनार हाय." मी तसं सांगितलं. चंपाक्का म्हणून शेजारची जैनाची सून होती, हसरी, कानडी मुलखातून आलेली. ती म्हणाली, "मला नवरा कोन असावा ते कुनी इचारलं न्हाई, आन सरकार इचारतंय?" यावर सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि घरी आल्यावर बराच वेळ त्याचाच विचार करत बसले.

नवऱ्याचं नाव तर कुणी घेईना. यादीत त्याशिवाय चालत नव्हतं. मग मीच युक्ती काढली. म्हटलं, नाव नका घेऊ, उखाणा घ्या. त्याबरोबर दारं उघडली. चंपाक्कानं पदर दातांत धरून घेतला,

"पाटाचं पाणी हळदीला वळलं,
बाबूरावांचं नाव सरकाराला कळलं!"

मी टाकानं लिहिलं, चंपाबाई बाबूराव. त्या आठवड्यात मी इतके उखाणे ऐकले की रात्री झोपेत बडबडायची असं हे म्हणायचे.

वयाचं मात्र उखाण्यानं भागत नव्हतं. येत्या जानेवारीच्या एक तारखेला एकवीस पुरी हवीत, असा नियम. आमच्याकडे सगळे चालू वर्ष सांगायचे. विसावं सरून एकविसावं लागलं की बाई एकवीसची झाली. मी सांगायची, "बायांनो, भाकरी तव्यावर टाकली म्हंजी झाली का? भाजून टोपल्यात पडली की मग मोजायची." हे त्यांना पटायचं. मग आम्ही बसून मोजायचो. कुणी विहीर खणली त्या साली जन्मलेली, कुणी थोरल्या बैलाच्या बरोबरीची, कुणी जावेपेक्षा एक पाऊसकाळ धाकटी आणि जाऊ कितीची ते कुणालाच ठाऊक नाही. लग्नात वय कमी सांगितलेली तर घरटी एक निघाली. त्या हळूच माझ्या कानाशी यायच्या. मी म्हणायची, "इथं खरंच सांगायचं. हे काय लगीन जमवायचं न्हाई." असं मी तोंड वर करून म्हणायची आणि मला आतून शरम वाटायची, कारण वहीत माझी स्वतःची ओळ अजून कोरी होती.

ती ओळ मी शेवटी लिहिली. स्वयंपाकघरात, आमटीला फोडणी देऊन झाल्यावर, उंबऱ्याशी बसून. सोयऱ्यांत सांगितलेलं वय लिहिलं तर मी एकोणीसची, नाव नाही. शाळेचं लिहिलं तर वीस, नाव नाही. आईचं लिहिलं तर एकवीस पुरी. संक्रांतीच्या आधी म्हणजे मार्गशीर्ष, म्हणजे डिसेंबर, असं मी धरलं. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझं वय तू सांगायचं, मला काय म्हाईत?" मला भीती वाटत होती, पण सगळ्या गावाच्या बायकांना खरं सांगायला लावून स्वतः खोटं लिहायचं हे जमेना. शिवाय, कबूल करायला हवं, मला त्या यादीत माझं नाव हवं होतं. फार हवं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी एकवीस लिहिलं आणि कागद वाळायच्या आत वही मिटली, तर समोरच्या पानावर शाईचा डाग उमटला.

यांना सांगितलं. हे सायकलीची साखळी बसवत होते. म्हणाले, "म्हंजे तू माज्यापरास मोटी?" मी मान हलवली. त्यांनी साखळी चढवून पायडल फिरवून बघितलं. "मग माजं बी एकवीस लाव की. दोगं जाऊ." मी म्हटलं, तुमचं खरं वीस आहे. "आन तुजं खरं एकवीस?" मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाले आणि हात पुसून जेवायला बसले. आमच्या घरात गोंधळ नेहमी मला व्हायचा. यांना भूक लागायची.

यादी चावडीवर वाचून दाखवायची होती, चुकीचं असेल तर हरकत घ्या म्हणून. तोवर हळद निघाली होती. गावाबाहेर हळद शिजवायच्या कढया चढलेल्या, वाफेनं डोळे चुरचुरायचे, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. बापे तसेच उठून चावडीवर गेले. आम्ही बायका पलीकडे देवळाच्या भिंतीआड उभ्या. अण्णा एकेक घर वाचत आमच्या घरावर आले. मामंजींचं नाव, आत्याबाईंचं नाव, मग माझं, "हौसा, वय एकवीस." आणि पुढचं घर. क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "आवं, आन तुमचा ल्योक? बाईला मत आन बाप्याला न्हाई?" दुसरा म्हणाला, "म्हंजे सून ल्योकाच्या वरचढ आनली म्हना की!" चावडी हसली. मामंजी उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी आजवर तसा ऐकला नव्हता. "सोळाची सांगून दिली ती पोर. आता एकोणीसची हाय. तिनं खोटं लिवलंय. माजी हरकत लिवून घ्या."

सासऱ्यानं सुनेच्या नावावर हरकत घेतली, ही गोष्ट कढईभोवती आठवडाभर पुरली. घरात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, तेच वाईट होतं. मामंजी मला पत्र वाचायला हाक मारेनासे झाले. आत्याबाई भाकरी मोजून ठेवायच्या आणि बोलायच्या फक्त चुलीशी. मला मामंजींचा राग येत नव्हता. फसवले तर ते गेले होते. मी खोटी नव्हते, तेही खोटे नव्हते, मग खोटं कुठून आलं? ते कोरेगावकडून आलं होतं, आणि तिकडे बोट दाखवायची माझी छाती नव्हती. त्यातच अण्णा सांगून गेले की कचेरीत कुणीतरी विचारलंय, लिहिणारीनंच आपलं वय चढवलं असेल तर बाकीच्या बायकांच्या नावांचा भरवसा काय? सगळीच काढून टाकावी लागतील. दुसऱ्या दिवशी चंपाक्का परड्यात आली. हसली नाही. म्हणाली, "हौसा, माजं नाव जाईल काय गं? मी त्याचं नाव घेटलं सगळ्यांफुडं."

तेव्हा मी आबांना कार्ड टाकलं. तीन ओळींचं. मतांच्या यादीला एक जानेवारीस एकवीस पुरी हवीत, म्हणून सांगलीच्या कचेरीत अमुक दिवशी माझ्या वयाची चौकशी आहे. मला गावात खोटी म्हणतात. घरच्यांची नावं लिहिलेलं पलटणीचं बुक घेऊन या. कार्ड पेटीत टाकलं आणि हात परत आत घालून काढता आलं असतं तर काढलं असतं. बापाला मी सोयऱ्यांपुढे मान खाली घालायला बोलावत होते.

आबा पलटणीचा कोट घालून आले, छातीवर बिल्ले लावून, मिशा वळलेल्या. कचेरीच्या ओसरीवर मामंजी एका बाकावर, आबा दुसऱ्या बाकावर. दोघांनी रामराम केला आणि समोरच्या लिंबाकडे बघत बसले. मी मध्ये खांबाशी. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी मामंजींची हरकत वाचली आणि आबांना विचारलं, "लग्नाच्या वेळी मुलगी किती वर्षांची होती?" आबा ताठ उभे राहिले, साहेबापुढे उभं राहायची त्यांची सवयच होती. "अठरा पुरी, साहेब."

"मग सोळा कुणी सांगितलं?"

"मी, साहेब. मी लडाईवर हुतो. माघारी आलो तर पोर वाढल्याली. सोळा म्हनलं न्हाई तर कोन करनार हुतं? ती लबाडी माजी. पोरीची न्हवं, तिच्या आईची न्हवं."

मामंजींनी इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी कोटाच्या आतून बुक काढलं, मेणकापडात गुंडाळलेलं. पलटणीत शिपायाच्या घरच्या माणसांची नावं लिहून घ्यायचे, उद्या तो मेला तर कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून. मी जन्मले तेव्हा आबा सरहद्दीवर होते. आईनं कुणाकडून तरी लिहवून टाकलेलं कार्ड मिळालं आणि आबांनी जाऊन कारकुनाकडून माझं नाव तारखेसकट लिहून घेतलं. साहेबांनी पान उलटलं, चष्मा वर केला. "बारा जानेवारी." त्यांनी बोटांवर मोजलं, मग कारकुनानं मोजलं. "ठरलेल्या तारखेला बाईंना वीस वर्षं पुरी आणि एकवीस पुरी व्हायला अकरा दिवस कमी."

मला काही कळेना. संक्रांतीच्या आधी, आई म्हणाली होती. बारा जानेवारी संक्रांतीच्या आधीच की! आई बरोबर, बुक बरोबर, मीच महिना चुकीचा धरला होता. भाकरीचा दृष्टांत सगळ्या गावाला देणारी मी, माझी स्वतःची तव्यावरच होती. साहेबांनी माझ्या नावावर रेघ मारली. टाकाचा तो कुर्र आवाज मला अजून ऐकू येतो. कारकून म्हणाला, "आणि बाकीच्या बायकांची नावं, साहेब?" साहेब म्हणाले, "ही बाई स्वतःच्या वयात चुकली ती अकरा दिवसांनी. इतकं नेमकं तर माझ्या कचेरीत कुणी लिहीत नाही. ती नावं राहू द्या." म्हणजे मी जिंकले की हरले? चंपाक्काचं नाव राहिलं, माझं गेलं, मामंजींची हरकत खरी ठरली आणि कारण खोटं. मी बाहेर येऊन पुन्हा खांबाशी उभी राहिले. (पुढे ती ठरलेली तारीखच सरकारनं बदलली आणि आमची दोघांची नावं एकाच कागदावर आली. पहिल्या मतदानाला हे सायकलीवर मला पुढे बसवून घेऊन गेले. पण ते पुढचं. त्या दिवशी मला ते कुठून कळणार?)

ओसरीवर मामंजी आबांना म्हणाले, "हवालदार, मला तवाच सांगायचं हुतं."

"सांगितलं असतं तर सून करून घेटली असती?"

मामंजींनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई," म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं असतं माजं." आणि धोतराचा सोगा झटकून चालायला लागले. आबांना जेवायला चला म्हणाले, पण आबा आले नाहीत.

आबांना पोचवायला मी माधवनगरच्या फलाटापर्यंत गेले. मामंजींनीच जा म्हणून सांगितलं होतं. गाडीला वेळ होता. आबांनी बुक पुन्हा मेणकापडात गुंडाळलं, दोरीनं बांधलं. मी कितीतरी वेळ धरून ठेवलेलं शेवटी बोलले, "आबा, माझ्यामुळं तुमाला एवढ्या लांब येऊन मान खाली घालावी लागली. आन मत मिळालं न्हाईच. अकरा दिवस कमी पडतील हे मला ठावं असतं तर मी बोलावलंच नसतं."

"मला ठावं हुतं," आबा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"तुजं कार्ड आलं त्याच दिशी बुक काढून बघितलं. मोजलं दोनदा. मत मिळनार न्हाई हे मला ठावं हुतं."

"मग कशाला आलासा?"

"मत मिळंल म्हनून तू बोलावलंस. पर तुज्या कार्डात दुसरं बी लिवलं हुतं, गावात खोटी म्हंत्यात म्हनून. खोटं मी बोललो आन नाव तुला पडलं. ते काढाय आलो."

गाडी आली. आबा डब्यात चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी हलली. मी हात जोडले. त्यांनी खिडकीतून मला सलाम केला, साहेबाला करायचे तसा, ताठ. त्यांनी माझ्यासमोर कुणा बाईला तसा सलाम केलेला मी कधी पाहिला नव्हता. मी फलाटावर उभी राहून खूप रडले, आणि नंतर घरी जाऊन भाकऱ्या थापल्या.